'मायक्रो' दिसला की आधी विचारा, लहान नक्की काय आहे?

मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांना मी दर जूनमध्ये महिनाभर इंग्रजी शब्द वाचायला शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिते, 'मायक्रोफोन', आणि अर्थ विचारते. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, लहान फोन." वर्गात कुणी हसलं नाही, कारण बहुतेकांच्या मनात तेच उत्तर होतं.

त्या मुलाचं उत्तर चुकलं, पण रीत चुकली नव्हती. त्याने शब्द फोडला, दोन्ही तुकड्यांचे अर्थ ओळखले आणि ते जोडले. एकच पायरी राहिली होती. या शब्दात लहान कोण, हे त्याने विचारलं नव्हतं. 'मायक्रो' म्हणजे लहान, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण अडतं ते पुढे. या लेखातही सगळ्यात जास्त वेळ त्याच पायरीवर घालवणार आहे.

पायरी १: शब्द फोडा

'मायक्रो' हा तुकडा ग्रीक 'मिक्रॉस'वरून आला. अर्थ लहान. स्पेलिंग एम, आय, सी, आर, ओ. ही पाच अक्षरं बोटाने झाका आणि उरलेलं वाचा.

उरलेला भाग कधी रोजचा शब्द निघतो: चिप, वेव्ह, फायनान्स, प्लास्टिक. मग अर्धं काम झालंच. कधी उरतो तो नुसता ग्रीक तुकडा, आणि तो एकटा वाचून काही बोध होत नाही. अशा तुकड्यांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. 'स्कोप' म्हणजे पाहण्याचं साधन. 'फोन' म्हणजे आवाज. टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज, आणि आपण त्याचं शेपूट तेवढं वापरात ठेवलं. 'मीटर' म्हणजे माप किंवा मापक. 'कॉझम' म्हणजे विश्व. 'मायक्रोब'मध्ये शेवटी उरणारा 'ब' हा ग्रीक 'बायॉस'चा, म्हणजे जीवनाचा, अवशेष आहे. बायॉलॉजीतला 'बायो' तोच. 'मायक्रोब' हा शब्द १८७८ मध्ये शार्ल सेदियो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने घडवला. जंतूंना तोवर जो तो वेगवेगळ्या नावांनी हाक मारत होता.

'मायक्रोकॉझम'पाशी थोडं थांबा. छोटं विश्व, म्हणजे मोठ्या विश्वाची सगळी रचना ज्यात लहान रूपात दिसते अशी गोष्ट. डिक्शनरीत याचं स्पष्टीकरण दोन-तीन ओळींचं असतं. मराठी वाचकाला तीन शब्द पुरतात: पिंडी ते ब्रह्मांडी. इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत आधीच घर करून बसलेला असतो, तो असा शोधायचा.

पायरी २: लहान नक्की काय, ते विचारा

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे वस्तूच लहान. मायक्रोचिप ही बारीक चिप, मायक्रोब हा बारीक जीव. पॅसिफिक महासागरातला मायक्रोनेशिया म्हणजे लहान बेटांचा प्रदेश, कारण ग्रीकमध्ये 'नेसॉस' म्हणजे बेट. इथे मुलं चुकत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात वस्तू लहान नसते. तिच्यातून जे पाहायचं किंवा ऐकायचं, ते लहान असतं. मायक्रोस्कोप टेबलाएवढाही असू शकतो. तो लहान गोष्टी पाहण्याचा डोळा आहे. गॅलिलिओच्या अशा यंत्राला हे नाव १६२५ मध्ये जोव्हानी फाबर यांनी दिलं, आणि टेलिस्कोप हा शब्द तेव्हा नुकताच रुळला असल्याने त्याच साच्यात ते ओतलं. मराठीत 'सूक्ष्मदर्शक' म्हणताना आपल्या पूर्वसुरींनी हा फरक नेमका पकडला: सूक्ष्म आहे ते पाहायचं, यंत्र नव्हे. मायक्रोफोनची गतही तशीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला तो क्षीण आवाज ऐकू येईल अशा साधनासाठी. फोन लहान नाही, आवाज लहान. मागच्या बाकावरच्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याने लगेच विचारलं, "मग मायक्रोबायॉलॉजी म्हणजे छोटी बायॉलॉजी नाही, छोट्या जिवांची बायॉलॉजी?" अगदी तेच.

याच प्रकारातला 'मायक्रोसर्जरी' हा शब्द जपून वाचा. माझ्या मामांचं बोट कडबाकुट्टीत सापडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मायक्रोसर्जरी करावी लागेल. घरच्यांनी छोटं ऑपरेशन असं समजून संध्याकाळपर्यंत गावी परतायची तयारी ठेवली. प्रत्यक्षात हे काम मायक्रोस्कोपखाली चालतं, एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने शिवाव्या लागतात आणि त्याला कित्येक तास लागतात. सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर घाबरून बसले होते. आत काहीतरी बिघडलं असेल असं त्यांना वाटत राहिलं, कारण छोट्या ऑपरेशनला इतका वेळ कसा लागेल? शब्दाचा अर्थ कुणी दोन वाक्यांत सांगितला असता तर ती रात्र थोडी सोपी गेली असती.

तिसऱ्या प्रकारात मात्रा लहान असते. मायक्रोन्यूट्रिएंट हा शब्द आता कृषी सेवा केंद्रात सर्रास ऐकू येतो. मराठीत त्याला 'सूक्ष्म अन्नद्रव्य' म्हणतात. जस्त, लोह, बोरॉन, मंगल (मँगनीज), तांबं यांचे कण नत्राच्या कणांपेक्षा बारीक असतात असं नाही. पीक नत्र हेक्टरी कित्येक किलो उचलतं आणि जस्त किंवा बोरॉन ग्रॅमांच्या हिशेबात, एवढाच 'मायक्रो'चा अर्थ. महत्त्व मात्र लहान नाही: लोह कमी पडलं की कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि उत्पन्न घटतं. 'सूक्ष्म सिंचन'ही असंच वाचा. ठिबकची नळी शेतभर पसरलेली असते. मुळाशी एका वेळी पडणारं पाणी तेवढं थोडं.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. इथे लहानपण कुणाच्या तरी तुलनेत असतं, आणि तो 'कुणी' शब्दात दिसत नाही. मायक्रोवेव्ह घ्या. शब्द वाचून वाटेल की ही लहर डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीएवढी असेल. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण अर्धी वीत. मग 'मायक्रो' कशाला? हे नाव पडलं तेव्हा समोर रेडिओच्या लहरी होत्या. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकतो ती लहर शेकडो मीटर लांब असते. शेकडो मीटरसमोर बारा सेंटिमीटर सूक्ष्मच. तसाच मायक्रोकॉम्प्युटर: खोली भरणारा मेनफ्रेम, कपाटाएवढा मिनी, आणि टेबलावर मावणारा मायक्रो. १९७५ मध्ये या टेबलावरच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी निघाली आणि दोन शब्दांचे तुकडे जोडून तिचं नाव मायक्रोसॉफ्ट ठेवलं.

मायक्रोप्लास्टिकही या गटातलं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा तुकडा तो मायक्रोप्लास्टिक. साबुदाण्याच्या दाण्याएवढा तुकडाही यात येतो, म्हणजे तो बघायला मायक्रोस्कोप लागतोच असं नाही.

पाचवा प्रकार पैशांचा आणि कायद्याचा. हा नीट वाचा, कारण इथे शब्दाचा अर्थ डिक्शनरी ठरवत नाही, अधिसूचना ठरवते. 'मायक्रो एंटरप्राइझ' म्हणजे सूक्ष्म उद्योग ऐकलं की डोळ्यांपुढे वडापावची गाडी येते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योगही सूक्ष्मच. इथे मायक्रोची पायरी स्मॉलच्या खाली आहे: सूक्ष्म, मग लघु, मग मध्यम. वर्कशॉप चालवणाऱ्या कितीतरी जणांना आपण 'मायक्रो'त बसतो हे शब्दामुळेच वाटत नाही आणि ते नोंदणीच करत नाहीत.

आणि मायक्रोफायनान्स. गावोगावी 'मायक्रोफायनान्सवाले' हप्ता गोळा करायला येतात, त्यामुळे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. लहान काय? कर्ज, असं कुणीही म्हणेल, आणि मुळात तसंच होतं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी सुरू केलेली ग्रामीण बँक तारणाशिवाय छोटी कर्जं देत असे. २००६ चं शांततेचं नोबेल या कामाला मिळालं. पण भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत कसोटी कर्जाच्या रकमेची नाही. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स. म्हणजे इथे लहान आहे ते घरचं उत्पन्न. कर्ज घेणाऱ्या बाईला हा फरक माहीत असायला हवा असं मला फार वाटतं, म्हणून बचत गटाच्या बैठकीतही मी हा शब्द फळ्यावर फोडून दाखवते.

मायक्रोइकॉनॉमिक्सबद्दल एकच ओळ: छोट्या देशाचं अर्थशास्त्र नव्हे, एकेका घराचं, दुकानाचं, वस्तूच्या किमतीचं अर्थशास्त्र.

पायरी ३: पुढे एकक असेल तर नेमका आकडा

मायक्रोच्या पुढे ग्रॅम, मीटर, सेकंद, लिटर यांपैकी काही आलं की अंदाज बंद. तिथे मायक्रो म्हणजे दहा लाखांवा भाग, कमी नाही, जास्त नाही. १८७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या समितीने 'मेगा' आणि 'मायक्रो' ही जोडी मापांसाठी ठरवून दिली, मेगा दहा लाख पट आणि मायक्रो दहा लाखांवा भाग, आणि आजही ती तशीच आहे.

याची खूण ग्रीक अक्षर 'म्यू'. दिसायला इंग्रजी लहान 'यू'सारखं, डाव्या बाजूला खाली शेपूट. हाताने घाईत लिहिलं की ते 'एम'सारखं दिसतं, आणि 'एम' म्हणजे मिली, हजारावा भाग. दोघांत फरक हजार पटींचा. म्हणून औषधांच्या पट्टीवर म्यू न छापता 'एमसीजी' अशी तीन अक्षरं छापतात.

माझ्या आईची थायरॉइडची गोळी ५० एमसीजीची. फ्रिजवर लावलेल्या औषधांच्या कागदावर मी ते '५० एमजी' असं उतरवलं होतं, मधला 'सी' गाळून. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गोळी पट्टीतूनच घेतली जायची. मग आईला दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात दाखल केलं आणि मी तोच कागद पुढे केला. तिथल्या सिस्टरनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पट्टी आणलीय का? आधी ती दाखवा." ५० मिलिग्रॅम म्हणजे तशा एक हजार गोळ्या. त्या दिवसापासून मी मुलांना मिली आणि मायक्रो एकाच तासाला शिकवते, आणि घरचं औषध लिहून ठेवायचं तर पट्टीवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवायला सांगते. जमलं तर पट्टीचा फोटोच जवळ ठेवा.

लांबीचं एकक मायक्रोमीटर. बोलण्यात त्याला अजूनही 'मायक्रॉन' म्हणतात, आणि कारखान्यात, पिशव्यांच्या नियमांत, हवेच्या बातम्यांत तोच शब्द येतो. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना देशभर बंदी आहे. १२० मायक्रॉन म्हणजे ०.१२ मिलिमीटर. बातमीतला 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. एकदा केसाशी तुलना करून पाहिली की हे आकडे डोळ्यांपुढे उभे राहतात.

पायरी ४: मोठ्याने म्हणून बघा

आयटीआयला जाणाऱ्यांसाठी ही पायरी खास. फिटर किंवा टर्नर ट्रेडमध्ये पहिल्याच महिन्यात हातात येतं ते मायक्रोमीटर, जॉबची, म्हणजे घडवायच्या तुकड्याची, जाडी मोजायचं. त्याच्या स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, अर्धा मिलिमीटर, फिरत्या थिंबलवर, म्हणजे बाहेरच्या नळीवर, ५० भाग, म्हणून त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे दहा मायक्रॉन. आता गंमत बघा: हे साधनही मायक्रोमीटर आणि लांबीचं एककही मायक्रोमीटर. इंग्रजी बोलणारे दोघांना वेगळं ओळखतात ते आघातावरून. साधन असेल तर जोर 'क्रॉ'वर: माय-क्रॉ-मिटर, थर्मॉमिटर आणि बॅरॉमिटरच्या चालीवर. एकक असेल तर जोर पहिल्या 'माय'वर. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये दोन्ही एकाच तऱ्हेने म्हणतात आणि काम अडत नाही, पण परदेशी इंजिनिअरशी बोलताना किंवा व्हिडिओ ऐकताना फरक कानाला लागतो.

बाकी शब्दांत जोर बहुतेक 'माय'वरच असतो. शब्दाला शेपूट लागलं की तो सरकतो: 'मायक्रोस्कोप'मध्ये 'माय'वर, 'मायक्रॉस्कपी'मध्ये 'क्रॉ'वर, 'मायक्रोस्कॉपिक'मध्ये 'स्कॉ'वर. तीनही शब्द एकापाठोपाठ पाच वेळा म्हणा.

स्पेलिंगमध्ये मायक्रो पुढच्या शब्दाला सरळ चिकटतो. 'ऑर्गॅनिझम'सारखा 'ओ'ने सुरू होणारा शब्द आला तर दोन 'ओ' शेजारी येतात, म्हणून काही जण मधे जोडरेघ देतात, दोन्ही चालतं.

पायरी ५: भावंडं ओळखा

मायक्रोच्या विरुद्ध 'मॅक्रो', मोठा. ही जोडी अर्थशास्त्रात आणि अन्नद्रव्यांत चालते. मापांत मात्र विरुद्ध बाजूला मेगा.

'मिनी' आणि 'नॅनो'चा घोळ सिमकार्डाने सोडवला. दुकानदाराकडे तीन मापं असत: मिनी २५ गुणिले १५ मिलिमीटर, मायक्रो १५ गुणिले १२, नॅनो १२.३ गुणिले ८.८. मोठ्यापासून लहानाकडे हाच क्रम लक्षात ठेवा. पण ही नुसती पायऱ्यांची नावं आहेत. नॅनो सिम हे मायक्रो सिमचा हजारावा भाग नाही, आणि हजारावा भाग खरोखर असतो तो नॅनोमीटर आणि मायक्रोमीटरमध्ये. 'नॅनो'चं मूळ ग्रीक 'नॅनॉस', म्हणजे बुटका माणूस. आणि 'मिनिएचर'? त्यात 'मिनी' दिसतो, तरी तो शब्द लहानपणावरून आलेला नाही. हस्तलिखितांत वापरत त्या शेंदरी रंगाला लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणत, आणि त्या रंगाने काढलेली पानावरची चित्रं लहान असायची. लहानपण नंतर चिकटलं.

पायरी ६: मराठीत आणताना

'सूक्ष्म' लावून भागतं का, ते आधी बघा. सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक, सूक्ष्म सिंचन, सूक्ष्म उद्योग हे शब्द चालतात आणि चालवावेत. मायक्रोसाठी 'लघु' वापरू नका, कारण तो 'स्मॉल'साठी राखलेला आहे आणि सरकारी कागदावर दोघांत कोट्यवधींचं अंतर आहे. माइक, मायक्रोवेव्ह, मायक्रोचिप तसेच ठेवा. स्वयंपाकघरात कुणी 'सूक्ष्मलहरी' म्हणत नाही.

पायरी ७: एक अवघड शब्द सोडवून बघा

'मायक्रोग्रॅव्हिटी' घेऊ. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले, तिथे त्यांनी मूग आणि मेथीचे दाणे रुजवून पाहिले, आणि बातम्यांत हा शब्द रोज येत होता. फोडला तर 'सूक्ष्म गुरुत्व'. म्हणजे तिथे पृथ्वीची ओढ अगदी थोडी असणार, असं वर्गातल्या सगळ्यांनी लिहिलं.

आता दुसरी पायरी लावा. लहान काय? स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. ओढ लहान नाही. स्थानक, आतली माणसं आणि ते मुगाचे दाणे सगळे मिळून पृथ्वीभोवती सतत पडत असतात, एकाच वेगाने, म्हणून दाण्याला खालचा तळ दाबत नाही. जाणवणारं वजन तेवढं जवळजवळ शून्य होतं. लहान आहे ते वजन. हे लिहून झाल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर 'ग्रॅव्हिटी' लिहिलं, पुढे रेघ मारली आणि लिहिलं: "इथे ओढ नाही, वजन."